अंबूबाईंचा उजवा पाय

निरंजनची मोटारसायकल अंबूबाईंच्या पायावरून गेली, तेव्हा रविवारचे सकाळचे दहा वाजले होते आणि निरंजनचा हेतू अत्यंत शुद्ध होता. त्याला गाडी धुवायची होती. चाकणच्या कारखान्यात सहा दिवस लोखंडाचा कीस अंगावर घेतला, की सातव्या दिवशी माणसाला स्वतःची म्हणून एखादी वस्तू चकचकीत करावीशी वाटते. त्याने गाडी स्टँडवरून खाली घेतली. बोळाला उतार होता आणि गाडीचा ब्रेक दोन महिन्यांपासून केवळ शोभेला उरला होता. या दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक होत्या. फक्त एकदम आठवल्या नाहीत. गाडी हातातून सुटली, मागच्या मागे उताराला लागली, अंबूबाईंच्या उजव्या पायावर चढली, उतरली, आणि पाण्याच्या निळ्या पिंपावर जाऊन आदळली. पिंप आडवं झालं. दोनशे लिटर पाणी बोळातून वाहू लागलं.

अंबूबाई त्या वेळी बोळ झाडत होत्या, त्यामुळे हत्यार शोधायला कुठे जावं लागलं नाही. खराट्याचा पहिला तडाखा निरंजनच्या पाठीवर बसला, दुसरा पोटऱ्यांवर. तिसरा त्याने हाताने अडवला म्हणून दंडादाखल चौथा आणि पाचवा मिळाला.

"मुडद्या, तुझ्या लातूरला आगगाडीनं पानी न्यावं लागलं, तरी तुला पान्याची कदर न्हाई?"

"मावशी, हात सुटला..."

"मंग माझाबी सुटलाय."

शेजारच्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर पत्रा कापला जात होता, ढण् ढण्, आणि बाईंचा हात त्या तालावर पडत होता. दम लागल्यावर त्या थांबल्या, खराटा भिंतीला उभा केला आणि आपल्या खोलीत निघून गेल्या. निरंजनने डोळे उघडले, तर फरशीवर रक्त. आपलं डोकं फुटलं असणार या खात्रीने त्याने डोकं चाचपलं. कोपरं पाहिली, गुडघे पाहिले, खोलीत जाऊन दार लावून आणखीही काही पाहिलं. वळ भरपूर होते. जखम एकही नव्हती. आणि रक्ताचे ठिपके त्याच्यापासून सुरू होतच नव्हते. ते पिंपापासून निघून अंबूबाईंच्या उंबऱ्यापर्यंत गेले होते.

सव्वाशे किलोची गाडी पायावरून गेली होती आणि बाईंना त्याचा पत्ताच नव्हता.

तेव्हा निरंजनने जे केलं, त्याची लाज त्याला पुढे दीड महिना पुरली. त्याने बादलीभर पाणी ओतून ते ठिपके धुऊन टाकले आणि तोंड बंद ठेवलं.

अंबूबाई चिखलीच्या जुन्या घरातल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा इथे हरभरा डोलत होता. मग रस्ता आला, रस्त्यामागून प्लॉट आले, प्लॉटांमागून पत्र्याच्या शेड आणि शेडमागून निरंजनसारखी माणसं. यजमान चिमाजी यांनी उरलेल्या तुकड्यावर समोरासमोर अकरा खोल्या बांधल्या आणि आठ वर्षांपूर्वी पायाच्या कसल्याशा दुखण्याने ते गेले. एकुलता एक मुलगा रोहिदास ताथवड्यात अकराव्या मजल्यावर राहतो. आई थकली, की तिला वर न्यायचं आणि जागा बिल्डरला द्यायची, असा त्याचा साधासरळ बेत होता. अंबूबाईंचा बेत त्याहून साधा होता. थकायचंच नाही.

भाडेकरूंची नावं पाठ करण्याच्या फंदात त्या कधी पडल्या नाहीत. माणसं येतात-जातात, जिल्हे तेवढे राहतात. दोन नंबरच्या खोलीतला निरंजन म्हणजे लातूर. त्याच्याच खोलीत राहणारा धम्मरत्न म्हणजे नांदेड. सात नंबरमधले सोपानराव म्हणजे वाशीम. एका जिल्ह्याचे दोघे आले, तर त्यांतला एक जण तालुक्यावर यायचा.

आणि या सगळ्या जिल्ह्यांना वेळेवर कामाला लावणं ही बाईंनी स्वतःहून अंगावर घेतलेली जबाबदारी होती. फर्स्ट शिफ्टवाल्यांच्या दारावर पहाटे पाचला लाथ बसायची, जनरलवाल्यांच्या सातला. कोणाची शिफ्ट कधी बदलली, कोणाचा वीकली ऑफ कधी, कोण ओव्हरटाइम करून आलाय, सगळं त्यांच्या डोक्यात. कंपनीच्या ऑफिसात एवढी चोख नोंद नसेल. पत्र्याच्या दारावर उजवा पाय असा पडायचा, की आतली कडी आपण होऊन खाली यायची. मोबाइलचा गजर अंगठ्याने बंद होतो. ही लाथ बंद करायला दार उघडून समोर उभं राहावं लागे, आणि तेवढी हिंमत करायची तर माणसाला आधी पुरतं जागं व्हावं लागतं. त्या अकरा खोल्यांतल्या कोणाचीही कंपनीची बस आजवर चुकली नव्हती.

त्यांची माया आणि त्यांचा मार वेगळा काढणं अवघड होतं. जागा बघायला आलेल्या बिल्डरच्या माणसाला त्यांनी वरवंटा घेऊन चौकापर्यंत पळवलं. त्याच आठवड्यात सोपानरावांना डेंग्यू झाला, तर चार दिवस त्यांना मऊ भात भरवला. सोपानराव नको म्हणाले, की घास तोंडात कोंबायचा आणि गालावर एक चापट. बरे झाल्यावर सोपानराव म्हणाले होते, "आजारपण परवडलं, शुश्रूषा नाही सोसवत."

तर त्या रविवारनंतर अंबूबाईंचा कारभार आणखी कडक झाला, असं अकरा खोल्यांचं मत पडलं.

बाई दिवसातून पंधरा-वीस वेळा बोळातून जाऊ-येऊ लागल्या. संडास बोळाच्या टोकाला. म्हणजे जाताना अकरा दारं, येताना अकरा दारं. "गस्त वाढवली बुवा बाईंनी," सोपानराव म्हणाले. सकाळी संडासापुढे रांग असायची. बाई आल्या, की पुढच्या माणसाची मानगूट धरून त्याला भिंतीला लावायच्या आणि आत शिरायच्या. एकदा आत बसलेल्या जालन्याने "दोन मिनिटं" म्हटलं, तर दार कडीसकट उखडून हातात आलं. जालना बिचारा उरलेली दीड मिनिटं सर्वांसमक्ष बसला.

त्या पाणीही भयंकर पिऊ लागल्या. दोन लिटरची बाटली काखेत घेऊनच फिरायच्या. "एवढ्या शिव्या द्यायच्या म्हणजे घसा ओला नको का?" हेही सोपानरावच म्हणाले. दंडात रुतणारी चोळी ढगळ झाली, गालफडं बसली. त्यावर सर्वांचं एकमत की संतापाने माणूस वाळतो. चप्पल फेकण्यात बाईंचा हात धरणारं चिखलीत कोणी नव्हतं. पण आता तीस फुटांवरचं गिऱ्हाईक सहीसलामत सुटायला लागलं. त्याचा अर्थ असा लावला गेला, की म्हातारीचं मन मऊ पडलंय.

सगळ्यांत थोर गोष्ट पायातल्या चपलेची. दर दोन दिवसांनी उजव्या पायातली चप्पल बोळाच्या मधोमध पडलेली सापडे, आणि बाई एका पायाने अनवाणी पुढे निघून गेलेल्या असत. हे सहज घडत असेल, असं कोणालाच वाटलं नाही. नळापाशी यावर गंभीर चर्चा झाली. चप्पल मुद्दाम सोडलेली आहे, हा इशारा आहे, ज्याच्या दारासमोर सापडेल त्याचं काही खरं नाही, असं ठरलं. मग ज्याच्या दारासमोर ती सापडे, तो ती दोन्ही हातांनी उचलून बाईंच्या उंबऱ्यावर ठेवून येई आणि आठवडाभर पाणी जपून वापरी.

उजव्या अंगठ्याला त्यांनी चिंधी बांधली होती. हळद, तेल आणि चिंधी. सोपानरावांनी चौकशी केली तर म्हणाल्या, "झोपेत उंदीर चावला." त्यांची खरीच तशी समजूत होती. संध्याकाळी पाय धुताना फाटलेला अंगठा दिसला. दुसरं कारण त्यांना आठवेना. मग उंदरांशी युद्ध सुरू झालं. पहिला उंदीर वरवंट्याखाली गेला, दुसरा पाटाखाली. मोरीतल्या घुशीमागे त्या पहार घेऊन लागल्या आणि घूस सापडेपर्यंत निम्मी मोरी उखडली. मारलेला उंदीर शेपटीला धरून बोळातून मिरवत उकिरड्यावर नेला जाई, आणि दोन नंबरच्या दारात दात घासत उभा असलेला निरंजन मान खाली घाली. आपल्या गुन्ह्यात पाच निरपराध जीव गेले, हे तो मनात मोजत होता. सहाव्यालाही तो काही बोलला नाही.

दारावरची लाथ मात्र चालूच होती. त्याच पायाने. फक्त आता लाथ बसल्यावर पत्र्यावर ओलसर, पिवळट डाग उरायचा, आणि त्याला वास यायचा.

पुढे विटेचं प्रकरण झालं. भिंतीपलीकडे अंबूबाईंची धाकटी जाऊ शालनबाई राहते. दोघींच्या मधून एक सामाईक पाइप जातो, आणि त्या पाइपावरून तीस वर्षं दोघी एकमेकींना शेलक्या शब्दांत जाब विचारत आल्या आहेत. त्या दिवशी शब्द संपल्यावर अंबूबाईंनी वीट उचलली. शालनबाई दहा फुटांवर, भिंतीच्या वर छातीपासून दिसणाऱ्या. वीट सुटली आणि साफ दुसऱ्या बाजूला, दाढी करत बसलेल्या सोपानरावांच्या खांद्यावर लागली. सोपानराव आरशासकट आडवे झाले. भिंतीवरून शालनबाई नवलाने म्हणाल्या, "आगं आक्का, मी हिकडं हाय."

अंबूबाईंनी डोळे बारीक करून आवाजाच्या दिशेला पाहिलं. मग आत गेल्या. तीस वर्षांत पहिल्यांदाच भांडण अर्धवट सुटलं होतं.

धम्मरत्न परत आला तो याच आठवड्यात. तो एका रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होता; घरोघर जाऊन रक्त घ्यायचं, नळ्या भरायच्या, लॅबला पोहोचवायच्या. लॅबने त्याला दीड महिना नाशिकला पाठवलं होतं, त्यामुळे हा सगळा इतिहास त्याच्या पाठीमागे घडला. जेवायला बसल्यावर निरंजनने तो त्याला रंगवून सांगितला. गाडीची गोष्ट फक्त धम्मरत्नलाच सांगितली, तीही आवाज खाली करून.

"गाडी पायावरून गेली आन् त्यांना कळलं नाही?"

"बाई लोखंडाची हाय, भावा."

"चप्पल पायातून निघते, तेबी कळत नाही?"

"मुद्दाम सोडतात. इशारा असतो तो."

"आन् वीट?"

"दया आली असंल शालनबाईची."

"संडासला किती वेळा जातात म्हणलास?"

"गस्त रे. वीस वेळा. आन् पाणी तर असं पितात..."

धम्मरत्नने ताट बाजूला सरकवलं. उठला, बाईंच्या खोलीमागे मोरी होती तिथे जाऊन आला, आणि हात न धुताच बसला.

"मोरीत मुंग्यांची रांग हाय. कोपऱ्यापासून थेट दारापर्यंत."

"मुंग्या काय, कुठंबी..."

"निऱ्या, रात्री त्या मोरीतच लघवीला बसतात, त्यातल्या साखरेला मुंग्या लागल्यात. त्यांना साखर हाय. आजची नाही, लई वर्षांची. पायातली जाणीव गेलीय, नजर अंधुक झालीय, अंग वाळलंय, जखम दीड महिना भरून येईना. घरोघर जातो मी, अशी माणसं रोज बघतो. आन् तू मला पोवाडा सांगूलालास."

"पण बाईंना दुखतच नाही."

"तेच तर. दुखलं असतं तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या असत्या."

दीड महिना ज्याला तो पराक्रम समजत होता, त्यातली एकेक गोष्ट आता उलटी होऊन त्याच्या अंगावर येत होती. पाय वाचेल का, हे त्याने विचारलं. धम्मरत्न म्हणाला, "चार दिवसांत नेलं तर. पाऊल काळं पडलं की मग वरून कापतात."

दुसऱ्या दिवशी धम्मरत्न साखर तपासायचं छोटं यंत्र घेऊन बाईंच्या उंबऱ्यावर गेला.

"मावशी, बोट द्या. एक थेंब रक्त लागतं."

"कशाला?"

"साखर बघू."

"मी चा बिनसाखरेचा पिते. मला कुटली साखर?"

"चहाचा संबंध नाही, मावशी. साखर आतून वाढते. गोड न खाणाऱ्यालाबी होते."

अंबूबाईंनी हात पदराखाली घेतला. "तुला रोहिदासनं धाडलंय," त्या म्हणाल्या. "आजारी हाय म्हनून कागद करायचा, मला वर नेऊन ठेवायची आन् हितं बुलडोझर."

"मावशी, तुमचा रोहिदास मी बघितलाबी नाही."

कानफटात बसली तेव्हा धम्मरत्नचा चष्मा थेट पाच नंबरच्या दारात गेला. त्यामागून त्याची पिशवी गेली, पिशवीमागून तो. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जाऊन बसला, तर अंगावर भांड्याचं खरकटं पाणी आणि मागोमाग भांडं. कपाळाला टेंगूळ घेऊन तो परत आला आणि म्हणाला, "मी सरकारी नोकरीत असतो तर या बाईबद्दल भत्ता मागितला असता." मग खाटेवर बसून हळूच म्हणाला, "वास वाढलाय, निऱ्या."

निरंजन त्या दिवशी कामावर गेला नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो उठला आणि अंबूबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. त्या उंबऱ्यावर बसून उंदराच्या सापळ्यात भाकरीचा तुकडा अडकवत होत्या. हूक दिसत नव्हता म्हणून बोटांनी चाचपत होत्या. धम्मरत्न चार पावलं मागे, यंत्र हातात घेऊन.

"मावशी, उंदीर नव्हता. मी होतो."

"काय म्हनतोस?"

"तुमच्या पायावरून माझी गाडी गेली. पिंप सांडलं त्या दिवशी. रक्त पडलं होतं, ते मीच धुतलं. सांगितलं नाही."

मग सापळा सुटून आला आणि निरंजनच्या कानाची पाळी फाडून गेला. त्यामागून बाई आल्या. डाव्या हाताने त्यांनी त्याचे केस धरले आणि उजव्या मुठीने मारायला सुरुवात केली. नाकावर, खांद्यावर, पाठीवर. आपण जागचे हललो नाही, असं निरंजन आता सांगतो. खरं म्हणजे तो दुसऱ्याच ठोशाला खाली बसला, आणि तिसरा ठोसा त्याला न लागता दाराच्या पत्र्याच्या कडेवर बसला. बाईंची बोटं सोलून निघाली. रक्त आलं.

धम्मरत्न इतका चपळ असेल, असं कोणाला वाटलं नसतं. तो वाकून मधे शिरला, वर गेलेली मूठ मनगटात धरली आणि यंत्राची पट्टी त्या रक्ताला लावली. बाईंनी त्याला ढोपराने उडवलं. तो यंत्र छातीशी धरून पडला आणि पडल्या पडल्याच आकडा वाचला.

"पाचशे बारा."

अंबूबाई थांबल्या. निरंजनचे केस अजून मुठीतच होते.

"काय पाचशे बारा?"

"तुमची साखर. जेवल्यावर दोन तासांनी एकशेचाळीसच्या आत पाहिजे."

"मंजे माझी लई हाय."

"लई."

बाईंनी थोडा विचार केला. "शालनची किती आसंल?"

शालनबाई पहिल्या ठोशापासून भिंतीवर होत्याच. त्यांनी तिथूनच हात पुढे केला. "बघ रं पोरा." धम्मरत्नने सुई लावली, पट्टी लावली. एकशे अठरा.

"माझी मोटी हाय," अंबूबाई म्हणाल्या. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

शालनबाई हसल्या नाहीत. मारामारीत अंगठ्याची चिंधी सुटून पडली होती आणि त्या खाली पाहत होत्या. अंगठा शेंड्यापासून निम्म्यापर्यंत काळा होता, वाळल्या खारकेसारखा, आणि खालून पाणी झिरपत होतं.

"आक्का," त्या म्हणाल्या, "थोरल्या दादांचा, तुमच्या मालकांचा, असाच झालता. काटा लागलाय म्हनत व्हता तुमी. आदी अंगठा नेला, मंग पाऊल, मंग गुडगा. तिसऱ्या खेपंला मानूस घरी आलाच न्हाई." मग जरा थांबून, "त्यांनाबी दुखत न्हवतं."

शेजारच्या शेडमधला प्रेस तेवढा ढण् ढण् करत होता. अंबूबाईंनी निरंजनचे केस सोडले आणि उंबऱ्यावर बसल्या. उजवा पाय डाव्या मांडीवर घेतला. अंगठा दोन बोटांत धरून दाबला, मग आणखी जोराने. शेवटी सापळ्याची तार उचलली आणि तिचं टोक तळव्यात रुतवलं. कातडी आत गेली. रक्ताचा थेंब वर आला. त्या आपल्या पायाकडे दुसऱ्या कोणाच्या पायाकडे पाहावं तशा पाहत राहिल्या.

"न्हाई कळत," त्या म्हणाल्या.

धम्मरत्न हळूच म्हणाला, "मारामारीतल्या रक्तावर भरवसा ठेवत नाहीत, मावशी. हात धुऊन परत बघू." बाई उठल्या, साबणाने हात धुतले, पुसले आणि बोट स्वतःहून पुढे केलं. चारशे अठ्ठ्याण्णव.

"चला कुटं न्यायचं तिकडं," त्या म्हणाल्या. "पन रोहिदासला कळवायचं न्हाई. काय तोडायचं ते तोडून झाल्यावर सांगा."

दवाखान्यातही शांततेत काही झालं नाही. स्ट्रेचरवर उचलून ठेवणाऱ्या वॉर्डबॉयला, अंगाला हात लावला म्हणून, एक बसली. सलाइनची सुई दोनदा उपटली गेली. तिसऱ्यांदा डॉक्टर स्नेहल स्वतः आल्या. वयाने निरंजनएवढ्या, अंगाने त्याच्या निम्म्या. बाईंनी हात उगारला, तर त्यांनी तोच हात धरून त्यात सुई घातली.

"दीड महिना हा पाय घेऊन करत काय होतात, आजी?"

"दारं वाजवत व्हते."

डॉक्टरांनी निरंजनकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. मग त्यांनी बाईंना सरळ सांगितलं. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली, की पायाच्या नसा मरतात. आधी मुंग्या येतात, मग बधिर होतं, मग चप्पल निघाली तरी कळत नाही, निखारा ठेवला तरी कळत नाही. रक्त पोहोचत नाही म्हणून जखम भरत नाही. वारंवार लघवी, सारखी तहान, वजन उतरणं, अंधुक दिसणं, हे सगळं महिनोन्महिने सांगत होतं, पण ऐकायला कोणी नव्हतं. दोन दिवस इन्सुलिन आणि औषधं, तिसऱ्या दिवशी अंगठा काढायचा.

"आन् न्हाई काढला तर?"

"परवा अंगठा मागतेय. पुढच्या आठवड्यात आलात तर पाऊल मागेन."

"अंगठा दिला तर पाऊल ऱ्हाईल?"

"राहील. पण मग रोज साखर सांभाळायची, रोज आरसा धरून तळवे बघायचे, मागे पट्टा असलेली चप्पल घालायची. अनवाणी नाही. आणि लाथा मारायच्या नाहीत."

अंबूबाईंनी आपली मूठ वळून पाहिली. "हातानं मारलेलं चालंल?"

डॉक्टरांनी यावर खरोखर विचार केला. "जपून," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स ऑपरेशनचा कागद घेऊन आली. बाईंनी आपली सही केली, एकेक अक्षर दाबून, कागद फाटेल अशी. खाली सोबतच्या माणसाची सही हवी होती. धम्मरत्न औषधं आणायला गेला होता. शालनबाई बाहेरच्या बाकावर, वॉर्डबॉयशी पाण्याच्या नळावरून वाद घालत होत्या. नर्सने कागद निरंजनसमोर धरला.

निरंजनच्या कानाला तीन टाके होते आणि नाक अजून सुजलेलं होतं. त्याने नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला, आणि 'रुग्णाशी नाते' या रकान्यापाशी पेन अडलं. पलंगावर अंबूबाई हिरव्या कपड्यांत, एकाएकी लहानखुऱ्या दिसत होत्या. आता आत नेतील. निरंजनच्या डोळ्यांपुढे कागद हलायला लागला. आजवर ज्या बाईचा त्याने फक्त मार खाल्ला होता, तिला काही झालं तर आपण या शहरात कोणाचे, असं त्याला वाटून गेलं.

"मावशी," तो म्हणाला, आणि आवाज फुटला, "इथं नातं काय लिहू? मुलगा लिहू का?"

"भाडेकरू लिव्ह, लातूर, पोरगा लिव्हलंस तर उद्या खोली नावावर मागशील."